टॅक कोट मारताना: झाडण्यापासून पेव्हर येईपर्यंत

रस्त्यातून गोल नमुना कापून काढणाऱ्या कोअर मशीनमधून नमुना बाहेर काढला आणि हातात घेताच तो दोन चकत्यांमध्ये सुटला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. वरची चकती पाच सेंटिमीटर, खालची सात. दोन्हींची घनता उत्तम, डांबराचं प्रमाण बरोबर, खडीची प्रतवारी कागदावर होती तशीच. सुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं तर राखाडी, पिठासारखा गाळ लागला. कोअर कापताना भिजलेली धूळ होती ती. टॅक कोट, म्हणजे दोन थरांना चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, मारल्याची नोंद होती, इमल्शनची (पाण्यात मिसळलेल्या डांबराची) पावती होती, बाउझरवाल्याची (फवारणीच्या टाकीगाडीवाल्याची) सही होती. टॅक कोट चिकटलाही होता, पण धुळीला. आणि धूळ कशालाच चिकटलेली नव्हती.

तेव्हापासून टॅक कोटकडे मी एकाच हिशेबाने बघतो: गरम माल (डांबर आणि खडीचं मिश्रण) अंगावर पडतो त्या क्षणी जागेवर किती डांबर उरलेलं असतं? बाउझरमधून निघालेल्या इमल्शनमधलं पाणी उडून जातं, थोडं धूळ पिते, थोडं मिलिंगच्या (जुना थर यंत्राने खरवडल्यावर राहणाऱ्या) खाचांत लपतं, थोडं डंपरची चाकं उचलून नेतात. खाली सांगितलेली सगळी कामं या गळतीभोवती फिरतात.

एवढा पातळ थर करतो काय

शंभर पानी वही दोन्ही हातांत धरून वाकवा. सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली तर पुठ्ठ्यासारखी ताठ होतात. रस्त्याचंही असंच आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर सुटे राहिले तर हिशेब १२५ अधिक १२५, म्हणजे २५०. तेच थर एकजीव झाले तर १०चा घन, १०००. चौपट फरक. प्रत्यक्ष रस्ता असा पूर्ण सुटा किंवा पूर्ण जोडलेला नसतो, पण सुटलेल्या थरांचा रस्ता ठरलेल्या आयुष्याआधी का चिरफाळतो, ते या आकड्यावरून कळावं.

दुसरं नुकसान लवकर दिसतं. वाहनं जिथे ब्रेक मारतात, वळतात किंवा चढावर जोर लावतात, तिथे वरचा थर खालच्यावरून घसरतो आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा पडतात. सिग्नल, बसथांबे, तीव्र वळणं या त्याच्या नेहमीच्या जागा. अशी भेग दिसली की आधी टॅक कोटवर संशय घ्यावा.

इमल्शन निवडताना

टॅक कोटसाठी बहुतेक ठिकाणी धनभारित, म्हणजे कॅटायनिक इमल्शन वापरतात: पाण्यात डांबराचे सूक्ष्म थेंब आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून इमल्सिफायर. बॅरलवर आरएस-१, सीआरएस-१, सीएसएस-१एच अशी नावं दिसतील. मानकानुसार नावं बदलतात, पण दोन गोष्टी बघायच्या: ते फुटायला, म्हणजे डांबर पाण्यापासून सुटायला, किती वेळ घेतं आणि त्यात डांबर किती टक्के आहे. आरएस म्हणजे लवकर फुटणारं, एसएस म्हणजे सावकाश फुटणारं. आरएस-१मध्ये डांबर साधारण ६० टक्के असतं.

प्राइम कोटचं इमल्शन टॅक कोटला चालवून घेणारे लोक मी पाहिलेत. प्राइम कोट खडीच्या पायावर मारतात, तो आत जिरायला हवा म्हणून सावकाश फुटणारा आणि पातळ असतो. टॅक कोट पृष्ठभागावर थांबायला हवा. काम वेगळं, माल वेगळा.

पाणी मिसळण्याबद्दल सरळ सांगतो. लवकर फुटणाऱ्या इमल्शनमध्ये साइटवर पाणी घालायचं नाही, ते टाकीतच फुटून गुठळ्या होतात. सावकाश फुटणाऱ्यात विनिर्देशाने परवानगी दिली असेल तरच घालायचं. तेही पाणी इमल्शनमध्ये ओतायचं, इमल्शन पाण्यात ओतायचं नाही. आणि पाणी घातलं की दराचा हिशेब बदलतो, हे कागदावर लिहून ठेवायचं. ६० टक्क्यांचं इमल्शन निम्म्याला निम्मं पातळ केलं की ३० टक्के उरलं. तेवढंच डांबर जागेवर हवं तर दुप्पट फवारावं लागेल, आणि उतारावर तो लोंढा कडेला वाहून जाईल.

बॅरल बरेच दिवस उभं असेल तर डांबर तळाशी बसतं. वापरण्याआधी बॅरल आडवं करून पुढे-मागे लोळवा. बाउझरच्या टाकीत पंपाने हळू फिरवा, पण तासन्तास घुसळत बसू नका, जास्त घुसळण्यानेही ते फुटतं. आधीच्या कामाचं ऋणभारित इमल्शन टाकीत उरलं असेल आणि त्यावर कॅटायनिक भरलं, तर पंप उघडून साफ करण्यात दिवस जाईल.

फवारणीचं तापमान २० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान असावं. कोमट इमल्शन नोझलमधून एकसारखं निघतं, थंड असेल तर धारा पडतात. ‘जरा जास्त तापवू’ हा मोह टाळा. निम्म्याच्या आसपास पाणीच आहे त्यात. ते उकळायला लागलं की इमल्शन गेलं, आणि फेस झाकणातून वर आला तर माणूस भाजतो.

दर कशाचा?

एक चौरस मीटरला ०.२५ किलो असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: ०.२५ किलो कशाचं? काही विनिर्देश फवारलेल्या इमल्शनचा दर देतात, काही पाणी उडाल्यावर उरणाऱ्या डांबराचा. ६० टक्के डांबर असलेलं इमल्शन ०.२५ किलो फवारलं की जागेवर ०.१५ किलो उरतं. इंजिनिअर एक आकडा धरून आणि बाउझरवाला दुसरा धरून दिवसभर काम करतात, दोघांच्याही नोंदी बरोबर असतात आणि रस्ता चुकतो.

उरणाऱ्या डांबराचे ढोबळ दर असे. नुकत्याच टाकलेल्या डांबरी थरावर चौरस मीटरला ०.०९ ते ०.२३ लिटर. जुन्या, उन्हाने सुकलेल्या डांबरी पृष्ठभागावर ०.१८ ते ०.३२. मिलिंग केलेल्यावर ०.१८ ते ०.३६, कारण खाचांमुळे क्षेत्रफळच वाढतं. काँक्रीटवर ०.१४ ते ०.२३. कंत्राटात वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. पण त्या मर्यादेत कुठे थांबायचं ते पृष्ठभाग बघून ठरवावं लागतं. भेगाळलेला, खडी उघडी पडलेला रस्ता जास्त पितो. काल टाकलेला काळाभोर थर जवळजवळ काहीच पीत नाही.

‘थोडं जास्त मारलं तर बिघडलं कुठे’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. बिघडतं. जाड टॅक कोट वंगणासारखा वागतो आणि ज्या घसरण्याला आपण थांबवायला निघालो तीच घसरण आणतो. शिवाय उन्हाळ्यात ते डांबर वरच्या थरातून पाझरून पृष्ठभागावर चकाकायला लागतं.

झाडणं

या कामाला सगळ्यात कमी माणसं आणि सगळ्यात कमी वेळ दिला जातो. माझ्या मते टॅक कोटचं निम्मं यश इथेच ठरतं.

आधी यांत्रिक ब्रूम फिरवा. ब्रूमने जाडी धूळ जाते, बारीक पूड मात्र खाचांमध्ये दाबली जाते, म्हणून त्यानंतर काँप्रेसरची हवा मारा. हवा वाऱ्याच्या दिशेने आणि रस्त्याच्या मधून कडेकडे मारायची, नाहीतर उडालेली धूळ झाडलेल्या भागावर परत बसते. काँप्रेसर तेल सोडत नाही ना, हे पांढऱ्या फडक्यावर एकदा हवा मारून बघा. कडेची माती, दुभाजकाला लागून साचलेली रेती आणि मॅनहोलभोवतीचा कचरा यंत्राला सापडत नाही, तिथे खराटा लागतो. चिकटून बसलेले चिखलाचे पापुद्रे खरवडून काढा.

मिलिंग केलेला रस्ता खास त्रासाचा. कातरलेल्या खाचांमध्ये डांबर आणि दगडाची पूड भरलेली असते आणि वरून रस्ता स्वच्छ दिसतो. एकदा झाडून भागत नाही, दोनदा, प्रसंगी तीनदा झाडावं. खालच्या थराची पातळ खपली अर्धवट सुटलेली असेल तर ती काढूनच टाका. सुट्या खपलीवर टॅक कोट मारणं म्हणजे सैल दगडावर पाय देणं.

तपासणी सोपी आहे. तळहात रस्त्यावर दाबून घासा. हात राखाडी झाला तर परत झाडा. दुसरी पद्धत म्हणजे चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलायचा, पट्टीवर पुडीचा थर आला तर टॅक कोटलाही तोच थर भेटणार आहे. कोणी वाद घालायला लागलं तर ही पट्टी त्याच्या वहीत चिकटवावी, वाद तिथेच संपतो.

पाण्याने धुतलं तर पूर्ण सुकेपर्यंत थांबा. वरचं सुकलेलं दिसतं पण भेगांत पाणी असतं, म्हणून भेगांकडे वाकून बघा. खड्डे, रुंद भेगा यांची दुरुस्ती टॅक कोटच्या आधी. खड्ड्यात साचलेलं इमल्शन म्हणजे दुरुस्ती होत नाही.

स्प्रे बार लावून घेताना

रस्त्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसले, एक काळा, एक कोरा, तर दर बरोबर असूनही काम वाया गेलं. सरासरी कागदावर बरोबर येते. गाडीचं चाक मात्र कोऱ्या पट्ट्यावरूनही जातं.

स्प्रे बार म्हणजे बाउझरच्या मागची, ओळीने नोझल बसवलेली आडवी नळी. पट्टे तीन कारणांनी पडतात: नोझल चोंदलेलं, कोन चुकलेला, उंची चुकलेली. नोझल काढून डिझेलमध्ये धुवा, सगळी एकाच मापाची आहेत का बघा. घाईत दुसऱ्या मापाचं एखादं बसवलेलं हमखास सापडतं. नोझलची फट बारच्या रेषेशी १५ ते ३० अंशांच्या दरम्यान हवी आणि सगळ्यांची सारखी हवी, म्हणजे शेजारचे पंखे (पंख्यासारखे पसरणारे फवारे) एकमेकांवर आपटत नाहीत. हा कोन नजरेने लावू नका, त्यासाठी मिळणारा पाना वापरा.

उंची ठरवायची एक जुनी युक्ती आहे. दुहेरी फवारा हवा असेल तर एकाआड एक नोझल बंद करा. उरलेल्या नोझलचे पंखे रस्त्यावर एकमेकांना नुसते टेकतील, एकावर एक चढणार नाहीत, इतका बार वर-खाली करा. मग सगळी उघडा, प्रत्येक जागेवर दोन पंखे पडतात. तिहेरी हवा असेल तर तीनांतलं एकच उघडं ठेवून हेच करा. टाकी रिकामी होत जाते तशी गाडी हलकी होऊन स्प्रिंगवर उचलली जाते आणि बारही वर येतो, त्यामुळे सकाळी लावलेली उंची दुपारी परत बघावी लागते.

वेगाचा हिशेब एकदा हाताने करून ठेवा, यंत्रावर संगणक असला तरी. दर चौरस मीटरला ०.२५ लिटर, रुंदी ३.५ मीटर, वेग मिनिटाला ६० मीटर. तिन्हींचा गुणाकार ५२.५, म्हणजे पंपाने मिनिटाला इतके लिटर द्यायला हवेत. वेग निम्मा झाला आणि पंप तसाच राहिला तर दर दुप्पट.

हातातल्या लान्सने (फवारणीच्या नळीने) मोठं क्षेत्र मारणं शक्यतो टाळाच. माणूस चांगला असला तरी हात थकतो आणि सकाळचा दर संध्याकाळी राहत नाही. झारीबद्दल तर बोलायलाच नको. लान्स कोपऱ्यांसाठी आणि बाउझर पोचत नाही अशा जागांसाठी आहे.

ट्रेची चाचणी

३० सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटरचे चार-पाच उथळ ट्रे घ्या, किंवा त्याच मापाचे शोषक कापडाचे तुकडे. वजन करा, मागे नंबर लिहा. रस्त्याच्या रुंदीत ओळीने ठेवा, पण चाकांच्या वाटेत नको. बाउझर वरून नेहमीच्या वेगाने जाऊ द्या, ट्रेजवळ येऊन चालक हमखास वेग कमी करतो, तो करू देऊ नका. लगेच उचलून वजन करा.

ट्रेचं क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. वजन २२.५ ग्रॅमने वाढलं तर दर झाला ०.२५ किलो. तेच ट्रे सुकवून परत तोलले तर ६० टक्क्यांच्या इमल्शनचे १३.५ ग्रॅम उरायला हवेत, म्हणजे चौरस मीटरला ०.१५ किलो. हा दुसरा आकडा मला जास्त आवडतो, कारण कोणी गुपचूप पाणी घातलं असेल तर तो इथे पकडला जातो. अर्थात यासाठी अर्ध्या ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा, भाजीचा काटा चालत नाही.

पाचही ट्रेंची सरासरी बघून खूश होऊ नका, त्यांच्यातला फरक बघा. मधला २७ आणि कडेचा १४ ग्रॅम असेल तर कडेचं नोझल बघायला हवं.

दिवसभरात टाकीची काठीही बुडवत राहा. ५०० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद पट्टा म्हणजे १७५० चौरस मीटर, ०.२५ने सुमारे ४४० किलो. काठी ३०० किलोच संपल्याचं दाखवत असेल तर प्रत्यक्ष दर ०.१७ पडला, मग कितीही काळं दिसो.

फवारणी

पाऊस, धुकं, ओला पृष्ठभाग, धूळ उडवणारा वारा आणि १० अंशांखालची हवा, यांपैकी काहीही असेल तर थांबा. पेव्हर (गरम माल पसरणारं यंत्र) तयार आहे, प्लांटवरून माल निघालाय, हे पक्कं झाल्याशिवाय सुरुवात करू नका. त्या दिवशी झाकता येईल तेवढंच मारायचं.

सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर जाड कागद किंवा पत्रा टाका. बार त्या कागदावर सुरू होऊन कागदावरच बंद झाला पाहिजे, म्हणजे गाडीने वेग घेतलेला असतो आणि सुरुवातीचं थबकं रस्त्यावर पडत नाही. शेजारच्या पट्ट्यात कडेचा फवारा थोडा आत घ्या, कारण कडेला एकच पंखा पडतो आणि तिथे दर अर्धाच भरतो.

उभ्या बाजू विसरल्या जातात. आधीच्या पट्ट्याचा थंड सांधा, कर्बची कड, मॅनहोलची चौकट, चेंबरभोवतीचं काँक्रीट: या सगळ्यांना ब्रशने हाताने लावा. पाणी आधी इथूनच आत शिरतं.

कुठे डबकं झालं तर रबरी वायपरने किंवा ब्रशने पसरा. कोरा डाग राहिला तर लान्सने तेवढाच भरा. हे दोन्ही इमल्शन तपकिरी असतानाच करायचं, नंतर ते ब्रशला ओढलं जातं.

तपकिरीचं काळं होईपर्यंत

फवारल्यावर रंग चॉकलेटी असतो. डांबराचे थेंब पाण्यापासून सुटून एकमेकांना मिळाले की काळा होतो, याला इमल्शन फुटणं म्हणतात. फुटलं म्हणजे सुकलं असं नाही, पाणी उडून जायला आणखी वेळ लागतो. कडक उन्हात पाव तासात उरकतं, दमट ढगाळ हवेत तासाच्याही वर जातं. बोट दाबून उचला: चिकट वाटलं आणि बोटाला पाणी लागलं नाही, की झालं.

टॅक कोटची फवारणी स्वतःच करणारे पेव्हर असतात, त्यांत इमल्शन पडताच त्यावर माल पडतो आणि उष्णतेने पाणी वाफ होऊन निघून जातं. ती वेगळी यंत्रणा आहे, मोजून फवारणारी, आणि तिच्यात टॅक कोटवरून एकही चाक जात नाही. साध्या पेव्हरसमोर ओल्या इमल्शनवर डंपर नेणाऱ्यांनी तिचा दाखला देऊ नये.

चाकं

सगळं नीट केलं आणि मग डंपर उलटा येऊन पेव्हरला लागला, की चाकांच्या दोन पट्ट्यांतलं डांबर टायरला लागून गेलं. त्या पट्ट्या म्हणजे नेमक्या पुढे वाहनांच्या चाकांच्या वाटा. हा योगायोग फार महागात पडतो.

उपाय असे: पूर्ण सुकू द्या, डंपरची ये-जा एकाच बाजूने ठेवा, टॅक कोटवर वळू देऊ नका, आणि बाउझरला पेव्हरच्या फार पुढे धावू देऊ नका. मटेरिअल ट्रान्सफर व्हेइकल (डंपरमधला माल पेव्हरमध्ये पोचवणारं वेगळं यंत्र) असेल तर डंपर शेजारच्या पट्ट्यात उभे राहतात आणि प्रश्नच मिटतो. चाकांना न लागणारी, ट्रॅकलेस म्हणून मिळणारी इमल्शन्सही आहेत. त्यांत कडक डांबर असतं, सुकल्यावर ते टायरला चिकटत नाही आणि गरम मालाच्या उष्णतेने पुन्हा जागं होतं. तरीही चाकाने नुकसान झालंच तर पेव्हर येण्याआधी तेवढ्या पट्ट्यांवर लान्सने हलका हात फिरवा आणि परत सुकू द्या.

बिघडलं तर

फुटण्याआधी पाऊस आला तर इमल्शन वाहून जातं, कडेच्या गटारात तपकिरी पाणी दिसेल. सुकल्यावर झाडून पुन्हा मारावं लागेल. फुटल्यानंतर पाऊस आला तर थर बहुधा टिकतो, पाणी पूर्ण सुकवा आणि हात दाबून चिकटपणा बघा. रात्रभर उघडा राहिला किंवा वाहतूक गेली तर त्यावर धूळ बसलेली असते, झाडा आणि कमी दराने परत मारा. ‘काल मारलाय ना’ हे कारण पुरत नाही.

खरी परीक्षा कोअरची. नमुना काढताना सांध्यात सुटला तर निकाल तिथेच लागला. सुटला नाही तर प्रयोगशाळेत सांध्यावर कातर बल (थर एकमेकांवरून सरकवणारं बल) देऊन बघतात. लॉयटनरची चाचणी त्यासाठी बरीच वापरतात. त्या नमुन्याची तुटलेली तोंडं मात्र स्वतः बघा. दोन्ही तोंडं काळी, खडी ओरबाडून निघालेली असेल तर काम चांगलं. एक तोंड काळं, दुसरं राखाडी दिसलं तर झाडणाऱ्याला बोलवा, बाउझरवाल्याला नंतर.

संध्याकाळी बार आणि पंप डिझेलने धुवायचा, धुतलेलं डिझेल वेगळ्या बॅरलमध्ये काढायचं, रस्त्याच्या कडेला सोडायचं नाही. पाइपात डिझेल राहिलं का, हे झडप उघडून बघायचं. ते राहिलं तर उद्या सकाळचे पहिले काही चौरस मीटर डिझेलमिश्रित डांबराचे असतील, आणि तिथे वरचा थर कधीच चिकटणार नाही.